गाडी बंद झाल्यावरचा आवाज

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. नियमित. कोणी वाचायची नाही, तरी शुद्ध लिहायची.

कारण: आज परदेशी ट्रक आला. पांढरा, उंच, चपट्या तोंडाचा. युरोपात बनला, तिकडेच काही वर्षं पळाला, मग जहाजात बसून थेट आमच्या गॅरेजच्या दारात. मालक म्हणाले, असे आणखी सहा घेतोय. हा तुमच्याकडे धड राहिला तर तेही तुमच्याकडेच. गॅरेज मामाचं. मामाने माझ्याकडे बघून मान हलवली. नेमकी कशी हलवली ते सांगता येणार नाही, पण होकारार्थी असावी.

मालक गेल्यावर मामाने खिशातून बाबांच्या लोखंडी कपाटाची किल्ली काढली. बाबा इथले मिस्त्री, त्यांची सगळी हत्यारं त्यात आहेत. बाबा मार्चमध्ये गेले, तेव्हापासून किल्ली मामाकडे. म्हणाला, "हा ट्रक जो सांभाळेल, त्याचं कपाट. त्याची जागा." त्या वेळी वेल्डरही तिथेच उभा होता. पण त्याला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे हा प्रश्न जवळजवळ सुटल्यासारखाच आहे.

डिप्लोमा मी दुसऱ्या वर्षी सोडला, त्याचं कारण घरची परिस्थिती. हे इथे एकदा नीट लिहून ठेवतो. गणित हे दुय्यम कारण.

४ नोव्हेंबर, मंगळवार

अभ्यास सुरू. मोबाइलवर बरंच वाचलं. सारांश:

ट्रक सगळीकडे सारखे नसतात. युरोपात कायदा अख्ख्या गाडीची लांबी मोजतो, म्हणून ड्रायव्हर इंजिनाच्या डोक्यावर बसतो. अमेरिकेत मागचा ट्रेलर मोजतात, म्हणून पुढे नाक हवं तेवढं लांब. धुराचंही तसंच. इंजिन कडक गरम जाळलं तर काजळी कमी, पण नायट्रोजनचा एक न दिसणारा वायू जास्त. जरा थंड जाळलं तर उलटं. दोन्ही फुप्फुसाला वाईट. मग प्रत्येक देशाने आपापला उपाय काढला. युरोपवाल्यांनी धुरावर युरियाचं पाणी शिंपडलं. अमेरिकेत बरीच वर्षं इंजिनाला त्याचाच धूर परत प्यायला लावला, शेवटी तेही युरियावर आले. आणि युरिया नीट शिंपडला गेला नाही तर गाडी शिक्षा भोगते: युरोपातली वीसच्या वर पळत नाही, अमेरिकेतली माणसाच्या चालीवर येते. आपल्याकडचे जुने ट्रक असं काही करत नाहीत. ते फक्त खोकतात आणि चालत राहतात.

आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "युरिया? शेतात टाकतात तो?" हो म्हणालो. तर म्हणाली, "मग गाडी हिरवी का नाही?"

संध्याकाळी ट्रकच्या धुराच्या नळीला माझा पांढरा रुमाल धरला. इंजिन चालू. पाच मिनिटांनी काढला. पांढराच. वेल्डर म्हणाला, "काय शुद्धलेखन, धूर पण इस्त्री करून आणलाय का?" (मी एकदा त्याची 'ईंजिन' अशी पाटी सुधारून दिली, तेव्हापासून मला हे नाव पडलं. उपकार.)

रुमाल घडी करून खिशात ठेवला. धुतला नाही. धुण्यासारखं काही नव्हतंच.

६ नोव्हेंबर, गुरुवार. दुपार

जेवणाच्या सुट्टीत गॅरेजमध्ये कोणी नसतं. मी एकटाच ट्रकपाशी होतो. इंजिन बंद करून किल्ली काढली. खाली उतरलो. दार लावलं.

इंजिन बंद झाल्यावर आवाज यायला नको. आला.

आधी टक् असा. मग बारीक घरघर. मध्ये एक सुस्कारा. परत घरघर.

इथे जरा माहिती द्यायला हवी. गॅरेजच्या भिंतीला लागून मागे आमची खोली आहे. बाबा शेवटचे सहा-सात महिने तिथेच पलंगावर होते. मशीनवर औषधाची वाफ घ्यायचे. ते मशीन असंच वाजायचं. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षांचा डिझेलचा धूर. मामा म्हणाला, मीही तोच धूर खाल्ला, मला काय झालं? हे वाक्य तो खोकत बोलला होता. बाबांना मात्र पलंगावरूनही गॅरेज सोडवत नव्हतं. भिंतीपलीकडे एखादं इंजिन वेडंवाकडं चाललं की पान्याने भिंतीवर ठोकायचे. एकदा ठोकलं तर डिझेलचा दोष, दोनदा तर हवेचा. वेल्डर ओरडायचा, "कळलं मिस्त्री, कळलं!"

तर आवाज. मी खोलीत जाऊन बघितलं. आई बाजारात गेलेली. पलंग उभा करून भिंतीला टेकवलेला. मशीन आम्ही केव्हाच एका गरजूला देऊन टाकलंय. परत बाहेर आलो. घरघर ट्रकच्या पोटातूनच येत होती.

भीती वाटली नाही. पाय जड झाले, ते सकाळपासून उभं असल्यामुळे.

बॅटरीच्या पेटीजवळचा लाल मेन स्विच खाली ओढला. आवाज मध्येच तुटला. सुस्कारा अर्धाच राहिला.

हा बाबांचाच नियम आहे. किल्ली काढली, की लगेच मेन स्विच पाडायचा. नाहीतर सकाळी बॅटरी मेलेली. इथल्या प्रत्येक गाडीला लागू. मी फक्त नियम पाळला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आवाज परत. तीनदा गाडी बंद केली, तिन्ही वेळा. तिन्ही वेळा स्विच पाडला. आता हात सरावला. किल्ली काढल्यापासून स्विचपर्यंत मी फार वेगाने पोचतो. गॅरेजमध्ये इतकी शिस्त कोणालाच नाही.

स्विचशेजारी एक स्टिकर सापडला. परकी अक्षरं, अर्ध्यावर ग्रीस. दिसतं तेवढं चित्र: एक हात, एक घड्याळ. अर्थ उघड आहे. वेळ घालवू नका, ताबडतोब हात घाला. म्हणजे युरोपवाले आणि बाबा एकाच मताचे.

आवाज तुटल्यावर जी शांतता होते ती आवाजापेक्षा वाईट असते, हे लिहिणार नव्हतो.

९ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. तरी ट्रक स्वच्छ केला. केबिनमध्ये झोपायचा कप्पा आहे. गादीखाली कोणाचा तरी चष्मा मिळाला, एक काडी दोऱ्याने बांधलेली. ज्याचा आहे तो चष्म्याशिवाय कसा गेला असेल, हा विचार बराच वेळ डोक्यात राहिला. ड्रायव्हरची सीट हवेवरची आहे. तिच्यावरून उठलं की ती फुस्स करून वर येते, म्हणजे कोणीतरी आपल्या मागोमाग उठल्यासारखं वाटतं. एवढंच. तांत्रिक गोष्ट आहे.

आई दारात येऊन म्हणाली, दुपारी ते काय वाजतं आणि मध्येच बंद पडतं? मी म्हणालो, ट्रक. ती म्हणाली, "मग पुरं होऊ दे ना एकदा. असं अर्धवट नको तोडूस. जीव टांगणीला लागतो." बाबा वाफ अर्ध्यावर टाकून उठायला बघायचे, तेव्हाही ती हेच म्हणायची. पुरं होऊ दे.

आईचं वय झालंय. तिला यातलं तंत्र समजावणं अवघड.

११ नोव्हेंबर, मंगळवार

डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. घाबरायचं कारण नाही. परदेशी गाड्या बोलक्या असतात.

ड्रायव्हरकाका (हा ट्रक तेच चालवणार, तीस वर्षं जुन्या गाड्या हाकलेला माणूस) म्हणाले, "जुन्या गाडीत दिवाच नव्हता, म्हणून बिघाडही नव्हता." यावर मी त्यांना दहा मिनिटं माहिती दिली. ते 'हं' म्हणत होते. नंतर कळलं, त्यांच्या कानात गाणी चालू होती.

कारण शोधलं: डिझेल. तिकडच्या डिझेलमध्ये गंधक नावापुरतं. आपल्याकडे किती, ते विचारायला पंपावर गेलो. पंपावरचा पोऱ्या म्हणाला, "वेगळं पाहिजे का? टाकतो ना, काय त्यात." समाधानकारक उत्तर नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काका माल घेऊन निघाले होते. अर्ध्या रस्त्यातून फोन. ट्रक वीसच्या वर जाईना.

संध्याकाळ उलटून गेल्यावर पोचले. मागे हॉर्नची वरात. काका उतरले ते माझ्याकडे न बघता सरळ माठाकडे गेले. दोन ग्लास पाणी प्यायले. मग म्हणाले, "सपाट रस्त्यावर मला सायकलवाल्याने ओव्हरटेक केलं. आणि जाता जाता काय म्हणाला माहितेय? काका, धक्का मारू का?"

मी त्यांना सांगितलं, की आपण सुदैवी आहोत. अमेरिकेतला ट्रक असता तर चालणाऱ्यानेही ओव्हरटेक केलं असतं.

काकांनी तिसरा ग्लास भरला. पण प्यायले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मोठा शोध. युरियाची टाकी भरलेली आहे, पण धुराच्या नळीवर तो शिंपडणारं तोंड पांढऱ्या खड्यांनी बुजलंय. मिठासारखे, टणक. नखाने निघत नाहीत.

म्हणजे युरियात भेसळ. सिद्धही केलं. युरियाचा थेंब आईच्या चमच्यात घेऊन गॅसवर वाळवला. तळाशी पांढरे खडे! मामाला चमचा दाखवला. मामा म्हणाला, "पाणी गेल्यावर खडेच राहणार, दुसरं काय राहील, आंबा?" आईने चमचा फेकून दिला.

नवा, सीलबंद युरिया आणला. आता प्रश्न संपला.

एक निरीक्षण. बाहेर काका गाडी बंद करतात, पण मेन स्विचला हात लावत नाहीत. बेशिस्त. बिघाडाचं मूळ तिथेही असू शकेल. त्यांना आजपासून सक्त सांगितलंय: जिथे थांबाल तिथे, किल्ली काढली की स्विच. काका म्हणाले, "तुझ्या बाबाची शपथ घालतोस की काय?" मी शपथ घातली नाही. पण नियम बाबांचा आहे असं म्हणालो. मग ऐकतो म्हणाले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी जाताना वीस. येताना वीस. काकांनी वाटेत चार ठिकाणी थांबून चारही वेळा स्विच पाडला. माणूस शब्दाचा पक्का.

मालकांचा फोन. मामा बराच वेळ नुसतं "होय साहेब" म्हणत होता. मग आम्हाला बोलावलं. वेल्डरने पुढे होऊन सांगितलं, की यात अवघड काही नाही. सगळ्या गॅरेजांत हेच करतात. धूर साफ करणारा तो मोठा डबा कापायचा, आत नळी सरळ जोडायची, युरियाच्या जागी एक फसवा डबा लावायचा. तो कॉम्प्युटरला सांगत राहतो, सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे. गाडी सुसाट. "आपल्या देशात कोण मोजतंय? धूर काय नाव विचारून नाकात जातो?"

मी विरोध केला. कारण पूर्णपणे तांत्रिक. त्या डब्यात महागडा धातू असतो, तो गेला की परत मिळत नाही, गाडीची किंमत पडते. मी असंही म्हणालो, की खोली भिंतीला लागून आहे आणि त्या खोलीत आई राहते. हेही तांत्रिकच.

मामा म्हणाला, "पुढचा शनिवार. तोवर तुझ्याने झालं तर झालं. नाहीतर हा कापेल, आणि किल्ली त्याची." वेल्डर खुशीत होता. गॅस-कटरची नळी गुंडाळताना शीळ घालत होता.

संकल्प: गुरुवारपर्यंत दुरुस्ती. शुक्रवारी चाचणी. शनिवारी किल्ली.

१७ नोव्हेंबर, सोमवार. दुपार

युरियाचं तोंड खरवडून साफ केलं. गाडी सुरू. दिवा गेला! गाडी बंद केली. टक्, घरघर.

आज मी लगेच स्विच पाडला नाही. पाडणारच होतो. पण केबिनच्या पायरीवर बसलो आणि म्हणालो, जर काही म्हणायचं असेल तर भिंतीवर ठोका. एकदा डिझेल, दोनदा हवा. असं मोठ्याने म्हणालो. प्रयोग म्हणून.

घरघर चालू. सुस्कारा. मग ठक्.

एकदाच.

कसा पोचलो माहीत नाही, पण स्विच पाडला.

तर मागे वेल्डर. जेवण लवकर आटपून आला होता. हातातला डबा त्याने बाकावर ठेवला, तो ठक्. त्याने सगळं ऐकलं होतं. हसेल असं वाटलं. आधी हसलाच नाही. डोकं खाजवलं. मग त्याच्यानेच राहवलं नाही, म्हणाला, "शुद्धलेखन, भूत ऱ्हस्व का दीर्घ रे?"

दीर्घ, म्हणालो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दिवा परत. खडे परत. नव्या, सीलबंद युरियातही भेसळ.

जपानमध्ये काय करतात ते वाचलं. उपयोग नाही. थंड प्रदेशात युरिया गोठतो म्हणून टाकी तापवतात, तेही वाचलं. आपल्याकडे थंडी नाही. माझ्याकडे आहे. दुपारी उन्हात काम करताना हात गार पडले होते. लोहाची कमतरता असेल.

मामा न सांगता कंपनीच्या लॅपटॉपवाल्या बाईंना फोन करून आला. मला लागलं नाही. त्या आल्या तर माझ्या निदानावर शिक्कामोर्तब होईल.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बाई आल्या. वयाने मामाएवढ्या, पाठीवर बॅग, पायांत जाड बूट. चहा नको म्हणाल्या. लॅपटॉप जोडला. ठिकठिकाणी बोट लावून बघितलं. मग विचारलं, गाडी कोण बघतं? मी पुढे झालो. सगळं सांगितलं: डिझेल, भेसळ, गंधक, जपान. त्या ऐकून घेत होत्या. कानात गाणी नव्हती, मी बघितलं.

मग म्हणाल्या, रोज गाडी कशी बंद करता, तेवढं दाखवा.

ही माझी सर्वांत चांगली गोष्ट. दाखवली. किल्ली, उडी, दार, स्विच. एका दमात.

म्हणाल्या, "परत एकदा." दुसऱ्यांदा अजून वेगाने केली. मामा, काका, वेल्डर, सगळे बघत होते. मला वाटतं त्या क्षणी मी आयुष्यात सर्वांत चांगला दिसत असेन.

बाई म्हणाल्या, "असं रोज करता? प्रत्येक वेळी?"

मी म्हणालो, प्रत्येक वेळी. एकदाही चुकलो नाही. काकांनाही लावलंय.

त्या खाली वाकल्या, अंगठ्याने स्टिकरवरचं ग्रीस पुसलं. हात आणि घड्याळ, आणि दोन्हींवरून आडवी लाल रेघ. म्हणाल्या, "जुन्या गाड्यांना ठीक आहे हो. ही गाडी बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं तिचा पंप चालतो. नळीतला युरिया ओढून परत टाकीत नेतो. तो आवाज पुरा होऊ द्यायचा असतो. तुम्ही मध्येच वीज तोडता, युरिया नळीत अडकतो, तापलेल्या तोंडावर वाळतो, खडे होतात. डिझेल चांगलं आहे. युरिया चांगला आहे. फक्त तिला शेवटचा श्वास पुरा घेऊ देत नाही तुम्ही."

काका माठाकडे गेले.

मग वेल्डर म्हणाला, "म्हणजे बाई, भूत नव्हतं?" बाई म्हणाल्या, कसलं भूत? वेल्डरने माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाला, काही नाही, असंच. हे मी त्याच्या खात्यात लिहून ठेवतो.

२० नोव्हेंबर, त्याच दिवशी, संध्याकाळ

वरचं लिहून झाल्यावर उरलेलं.

बाईंना युरियाचं तोंड काढायचं होतं. मामाने स्वतः बाबांचं कपाट उघडलं. मार्चनंतर पहिल्यांदा. आत सगळं होतं तसं. पाने मापाप्रमाणे, प्रत्येकाखाली फडक्याची घडी. वास पण तोच. बाईंनी एकेक लावून बघितला. या ट्रकच्या तोंडाचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे आहेत. बाबांचा एकही पाना बसला नाही. शेवटी त्यांनी आपल्या बॅगेतून छोटासा काढला. निघालं.

तोंड आईने दिलेल्या कोमट पाण्याच्या मगात ठेवलं. खडे विरघळले. मी आठवडाभर ज्याच्याशी झगडत होतो ते मगात, डोळ्यांदेखत, साखरेसारखं. आई म्हणाली, "एवढंच होतं?"

मामाने कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. सुटे पैसे परत करतात तशी. म्हणाला, डबा कापायचा नाही. वेल्डरला सांगितलंय. आणि मला म्हणाला, तुझं अक्षर चांगलं आहे. एक पाटी लिही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पाटी लिहिली. पांढऱ्यावर लाल. 'गाडी बंद केल्यावर आवाज पूर्ण थांबेपर्यंत मेन स्विच पाडू नये.' एकही चूक नाही. ट्रकजवळ टांगली.

दुपारी काकांनी गाडी लावली, किल्ली काढली आणि पाटीखालून हात घालून स्विच पाडला. म्हणाले, "अरे, शब्द दिलाय ना तुला."

मामा म्हणाला, पाटी कोण वाचतो. आता सहा आणखी येणार. तू स्वतःच उभा राहा प्रत्येक गाडीपाशी, आवाज थांबेपर्यंत. कोणाला हात लावू देऊ नकोस.

म्हणजे हेच माझं पद. गाडी बंद झाल्यावर शेजारी उभं राहणं. तांत्रिक जबाबदारी आहे. नाव काय द्यावं, विचार करतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

काका सकाळी माल पोचवून आले. ऐंशीने गेले, ऐंशीने आले. सायकलवाला दिसला का, विचारलं. म्हणाले, शोधत होतो.

सगळे जेवायला गेले. गाडी मी बंद केली. किल्ली काढली, उतरलो, दार लावलं. स्विचवर हात ठेवून उभा राहिलो. पाडायला नव्हे, पाडू नये म्हणून.

टक्. घरघर. सुस्कारा. परत घरघर. आई दारात येऊन उभी राहिली. हात पदराला पुसत. आवाज एकदम थांबत नाही. आधी बारीक होतो. मग एक शेवटचा, छोटासा, गुळणीसारखा. मग थांबतो. आई म्हणाली, "झालं." आणि आत गेली.

पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकला. नीट ऐकला तर बाबांच्या मशीनसारखा मुळीच नाही. ते जास्त मोठ्याने वाजायचं. आणि त्यात मध्ये बाबांचा खोकला असायचा. हा नुसता पंप आहे.

खात्री करायला गाडी परत सुरू केली. बंद केली. ऐकला.

नाहीच.

अजून एकदा केली. तपासणी म्हणून.